पुतळाआक्काचा डोह

नदीवर पूल नव्हता आणि गावात शाळाही नव्हती, त्या काळची ही गोष्ट. ज्यांनी पाहिली ते गेले. त्यांनी ज्यांना सांगितली तेही गेले. आता मी सांगतो. मध्ये बोलू नका.

उंबरसांगवीला नदी वळते आणि वळणावर खोल डोह आहे. अलीकडे गाव, पलीकडे कुरण. गुरं चारायची तर डोह ओलांडायचा. पावसाळा ओसरून पाणी निवळलं की दसऱ्याच्या आधी गावातली जाणती होत आलेली पोरं डोह पोहून पलीकडे जायची. जो पोचला, त्याला गावात मोजायचे. जो राहिला, त्याला काठावरचा म्हणायचे. काठावरच्याला जन्मभर वासरांजवळ बसवायचे. लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते नाव निघायचं.

पोहायला शिकवायची रीत एकच होती. काठावर काळा खडक आहे. पोराच्या कमरेला दोर बांधायचा आणि पोरगा खडकावरून खाली टाकायचा. नाकातोंडात पाणी गेलं की ओढायचा. पुन्हा टाकायचा. सगळ्यांना तोच खडक आणि तोच दोर. पुष्कळ शिकले. काही नाही शिकले. एकदा नुसता दोर वर आला.

तो पोरगा पुतळाआक्काचा.

पुतळाआक्का भोयाच्या घरची. नवरा डोहावर नाव चालवायचा, तो गेल्यावर ती चालवू लागली. बाई उंच, बोलायला थोडी. एकुलता एक गेल्यावर ती वर्षभर बोललीच नाही, असं म्हणतात. त्या वर्षी नदीसुद्धा खळखळली नाही, असं म्हणतात. वर्ष सरलं आणि ती पाटलाच्या सदरेसमोर जाऊन उभी राहिली.

"पाटील, यंदाची पोरं माझ्याकडं द्या."

पाटलाचं नाव सुभानराव. माणूस वाईट नव्हता. अंगाने रेड्यासारखा, आणि स्वतः खडकावरूनच शिकलेला.

"का? खडकाला काय झालं?"

"तुम्हाला मानवला. माझ्या पोराला नाही मानवला."

सुभानराव खाली बघत म्हणाला, "ने. पण एक जरी काठावर राहिलं, तर नाव सोडायची आणि गावही सोडायचं."

"चालंल. तुमचा हैबती धरून."

हैबती पाटलाचा मुलगा. त्याचा उजवा पाय लहानपणीच वाळला होता. त्याला खडकावर कुणी नेलंच नव्हतं.

"त्याला यात मोजू नको," पाटील म्हणाला. "घरात त्याला काय कमी नाही."

हैबती दारात उभा होता. म्हणाला, "आबा, मला मोजा."

पाटील हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तेवढ्यावर पुतळाआक्का त्याला पाठुंगळी घेऊन गेली.

पहिले काही दिवस तिने कुणाला पाण्यात घातलंच नाही. पोरांना वाळूत बसवायची आणि एकेकाच्या डोक्यावर ओंजळभर पाणी ओतायची. मग बघत राहायची. एक हसायचं, एक डोळे मिटायचं, एक उठून पळायचं. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. तिचं बघून झालं, तेव्हा शिकवणं सुरू झालं.

कुंभाराची बायजा कशाला भ्यायची नाही. तिला आक्काने तळाचा दगड आणायला लावला. आणला की म्हणायची, "हा नव्हं, याच्या खालचा." बायजा दमली, आणि दमल्यावर सावध झाली.

धनगराचा सिदू पाण्याला पाय लावायचा नाही. माणसाचं ऐकायचा नाही, पण मेंढीच्या मागे कुठेही जायचा. आक्काने त्याची लाडकी मेंढी नदीत घातली. मेंढी पोहू लागली. सिदू रडत रडत आत गेला आणि तिच्या लोकरीला धरून पलीकडे निघाला. पलीकडे गेल्यावर त्याला कळलं की आपण आलो.

तेल्याच्या गणूला तिने पाठीला वाळका भोपळा बांधला. गणूची आई नावेवर भांडायला आली.

"सगळ्यांची पोरं मोकळी पोहतात आणि माझ्याला भोपळा बांधतीस? गाव त्याला भोपळ्या म्हणतंय."

"भोपळा बुडतो का गं?"

"नाही."

"मग म्हणू दे की."

आणि हैबती. त्याला ती वळणाआड न्यायची, गावाला दिसायचं नाही. त्याला तिने पालथा पाडलाच नाही. उताणा निजवला. आभाळाकडे तोंड, कान पाण्यात. पायाचं काम नाही, हातांनी वल्हवायचं. "नावेला तरी कुठं पाय असतात?" ती म्हणायची. त्याच्या मानेखाली तिचा हात असायचा. मग नुसती बोटं. मग एकच बोट. एके दिवशी हैबती म्हणाला, "आक्का, बोट काढू नको." आक्का काठावरून म्हणाली, "कधीचंच काढलं."

गावात कुरकुर वाढली. हिच्यात कायदा नाही, म्हणाले. एकाला दगड, एकाला मेंढी, एकाला भोपळा. ज्याला जास्त दिलं तो लाडका, असं म्हणाले. लाडका कोण, यावरून आया आपसांत भांडल्या. आक्का कुणाला समजावत बसली नाही. तिचं नाव हाकणं चालू होतं.

तो दिवस आला. सगळा गाव काठावर जमला. रीतीप्रमाणे नाव पलीकडे न्यायची आणि शिकवणाऱ्याने पलीकडेच उभं राहायचं. आक्का नावेत चढली तेव्हा सुभानराव जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पुतळे, हैबती जाणार नाही. मध्ये भोवरा आहे. तुझं गाव सोडणं माफ केलं, जा."

"मला माफी नको. पोराला विचारलं का?"

पाटलाने विचारलं नव्हतं. रात्रभर तो जागा होता, असं म्हणतात. आक्का पलीकडे गेली. पाटलाने हैबतीला करंजाच्या झाडाखाली बसवलं आणि स्वतः खडकावर जाऊन उभा राहिला. ढोल वाजला. बायजाने खडकावरून सूर मारला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. हैबती बसल्या बसल्या सरकत उताराला आला आणि आवाज न करता पाण्यात शिरला.

मधोमध आला तेव्हा एका म्हातारीला दिसला. ती ओरडली, "पाटलाचं पोर गेलं!"

आता हे नीट ऐका. आमच्या नदीत तोवर कुणी जिवंत माणूस उताणा पोहलेला पाहिला नव्हता. उताणं वाहत जायचं ते मढं. सुभानरावाने पाहिलं, पोराचं तोंड आभाळाकडे, डोळे उघडे, अंग सैल. त्याने पागोटंही काढलं नाही. खडकावरून उडी टाकली.

तो ताकदीने हात मारत निघाला आणि सरळ भोवऱ्यात गेला. भोवऱ्याने धरला. पाटील जितका झगडला, तितका आत गेला. धोतर पायांत गुंतलं. वर आला, खाली गेला. काठावर बाया किंचाळल्या. चांगले पोहणारे गडी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, पुढे कुणी गेला नाही. आक्काने नाव लोटली. भोवऱ्याने नाव बाहेर फेकली. तेव्हा ती नावेत उभी राहून ओरडली. तो आवाज शेजारच्या गावात ऐकू गेला, असं म्हणतात.

"हैबती! तुझ्या आबाला झोपायला सांग!"

हैबती वळला. भोवऱ्याशी झगडणारा आत जातो. हैबती पाण्यावर पानासारखा होता, भोवऱ्याने त्याला नुसता फिरवला. फिरत फिरत तो बापापाशी आला.

"आबा, भांडू नका. झोपा."

"तू... तू जिता हायस?"

"जिता हाय. झोपा म्हणतो ना!"

पाटलाला जन्मात कुणी हुकूम केला, तो तेव्हाच. त्याने हातपाय सोडले. मान मागे टाकली. हैबतीने पागोट्याचं टोक दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी वल्हवू लागला.

भोवरा थांबला, असं म्हणतात. माठातलं पाणी निवांत होतं तसा थांबला. आणि सुभानराव मरेपर्यंत एक गोष्ट सांगायचा. म्हणायचा, हैबतीचे दोन्ही हात मला पाण्यावर दिसत होते. मग माझ्या पाठीखाली हात होता तो कुणाचा?

मी पाहिलेलं नाही. सांगितलं तसं सांगतो.

दोघं पलीकडे लागले. त्यांच्यामागून बाकीची आली. सिदू मेंढीसकट आला. गणू भोपळ्यासकट आला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. काठावर एकही राहिलं नाही.

पाटील वाळूत पडून पाणी ओकला. मग उठून बसला. आक्का समोर उभी होती.

"माझा पोर मेला असं वाटलं गं मला."

"तुम्हाला पोहणारा एकाच जातीचा ठाऊक."

"मला शिकवशील?"

"तुम्हाला दोन भोपळे लागतील."

तोवर नावेतून पलीकडे आलेले लोक हसले. पाटीलही हसला. मग त्याने हळूच पाठीखालच्या हाताचं सांगितलं. आक्का खाली बसली. तिने विचारलं, "लहान होता का?"

"लहान होता."

"गार होता?"

"नाही. उबदार होता."

पुतळाआक्का तिथेच बसून रडली. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती, असं म्हणतात. गाव दुसरीकडे बघत उभा राहिला. तिला कुणी उठवलं नाही.

त्यानंतर खडकावरून कुणाला टाकलं नाही. खडक आहे तिथेच आहे, बाया त्यावर गोधड्या धुतात. पुतळाआक्का म्हातारी होईपर्यंत पोरं शिकवत राहिली. शेवटी ती एकटीच नाव घेऊन वळणापलीकडे गेली. नाव परत आली, रिकामी आणि कोरडी, असं म्हणतात.

आता पूल झाला. शाळा झाली. गुरं पुलावरून जातात. तरी दसऱ्याच्या आधी आमची पोरं डोह उतरतात. मुलीही उतरतात. उतरण्याआधी गावातलं थोर माणूस प्रत्येकाला विचारतं, "तू कसा जाणार?" पोर जे सांगेल ते द्यायचं. ट्यूब मागितली तर ट्यूब, सोबत मागितली तर सोबत. शाळेत नवीन मास्तर आले की त्यांना त्या दिवशी काठावर आणून उभं करतो. जास्त काही सांगत नाही. हुशार असले तर समजतात.

पलीकडे आक्काच्या नावाने पंगत असते. पण शेवटचं पोर पोचल्याशिवाय पान वाढायचं नाही, अशी रीत आहे. मग ते कुणाचंही असो.

गेल्या साली लोहाराची शेवंता होती. डोळ्यांनी अधू. तिने सोबत नको म्हटलं. पलीकडून कुणीतरी हाका मारायच्या आणि ती आवाजाच्या रोखाने येणार, असं ठरलं. फार वेळ लागला. दोनदा भलतीकडे गेली, दोनदा थांबली. ऊन उतरलं. भाकरी कडक झाल्या, आमटी निवली. पाहुणे आले होते, ते कुजबुजू लागले. सरपंचाने त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग ते गप्प झाले. सगळा गाव आळीपाळीने हाका मारत होता. माझाही घसा बसला.

ती आली. मग जेवलो.