हैबतरावाची आई

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. राज्य कुठलं, राजा कोण, ते मला विचारू नका. ते सांगत बसले तर माझा राग थंड होईल, आणि ही गोष्ट थंड डोक्यानं सांगायची नाही.

तर एक गाव होतं, आणि गावात सगळी एकाच कुळाची घरं. पलीकडच्या आळीतला चुलता, अलीकडच्या आळीतला पुतण्या, अशी भावकीच भावकी. कुळाच्या प्रमुखाला सगळे आबा म्हणत. आबांच्या सोप्यातल्या भिंतीवर कुळाचा वंशवृक्ष रंगवला होता. मुळाशी मूळपुरुष, वर फांद्या, आणि पानापानावर एकेका पूर्वजाचं नाव. सगळे बाप्ये. एवढी पानं ज्यांनी जन्माला घातली त्या बायांपैकी एकीचंही नाव त्या झाडावर नव्हतं. रंगवणाऱ्याला कुणी सांगितलंच नसावं की पोरं बायांना होतात.

गावाची रीत अशी होती. मुलगा झाला की बाराव्या दिवशी आबा हातातली काठी भिंतीवर टेकवायचे. काठी ज्या पानावर, ते नाव पोराचं. दुसरं नाव ठेवायचं नाही, लाडाचंसुद्धा नाही. पूर्वज परत आलाय म्हणे पोटी, त्याला काय सोन्या म्हणणार?

आणि गावात आणखी एक रीत होती. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. तो जिवंत असो, नाहीतर शंभर वर्षांपूर्वी मेलेला असो.

आता या दोन रीती शेजारी शेजारी मांडा बरं. पोराचं नाव सासऱ्याच्या आज्याचं, आणि पोराची आई त्या घरची सून. म्हणजे अख्खं गाव पोराला नावानं हाक मारणार, फक्त त्याची आई सोडून! एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरू नये? शिरली होती की, बायांच्या शिरली होती. पण बायांना विचारतो कोण?

साळू ही आबांची धाकटी सून. तिला मुलगा झाला, मूठभर जीव, रडलं तर मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. आबांनी काठी टेकवली ती थेट स्वतःच्या आजोबांच्या पानावर. हैबतराव! पाळण्यात ते पोर अंगठा चोखतंय, आणि आत्या त्याच्या कानात कुर्रर्र करून सांगतेय, हैबतराव!

साळूनं पदर सावरून विचारलं, "मामंजी, नाव थोरच आहे. पण मला हाक मारायला घरात एखादं लहानसं नाव चालेल का?"

"आजोबांच्या नावावर दुसरं नाव चढवायचं?" आबा गरजले. "तुझ्या थोरल्या जावेकडं बघ. शीक काहीतरी तिच्याकडून."

थोरली जाऊ म्हणजे ठकू. चुलीपाशी बसलेली होती, खाली मान घालून. तिच्यापासून काय शिकायचं, ते गावातल्या लहान पोरालाही पाठ होतं, कारण दर बारशाला ती कहाणी सांगायचीच अशी प्रथा पडली होती. कहाणी कसली, माझ्या जिभेला फोड येतात सांगताना.

त्या गावात धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड माणूस उतरेल एवढं. वर्षातून एकदा पेवं उघडायची. आत वाईट हवा कोंडलेली असते, ती निघून जावी म्हणून तोंड दिवसभर उघडं ठेवायचं. मग दिवा सोडून बघायचा, विझला नाही तरच माणूस उतरायचा. आणि त्याच दिवशी गावातले सगळे बाप्ये देवळात बसून कुळाची नामावळी ऐकायचे. उघड्या पेवावर एखादी फळी टाकावी, चार काट्या लावाव्यात, हे काही त्यांना सुचायचं नाही. पूर्वजांची नावं ऐकायची घाई!

अशाच एका दिवशी ठकूचा मुलगा सुभानराव वासरामागं पळाला. समोर पेव. शेजारी ठकू आणि आणखी पाच-सहा बाया धान्य पाखडत होत्या, पण सगळ्या त्याच कुळाच्या सुना. सुभानराव हे नाव त्यांतल्या एकीलाही घेता येत नव्हतं. सगळ्या ओरडल्या, "अरे थांब! बाळा थांब!" अंगणातली सगळी बाळं थांबली. सुभानराव पळत राहिला, आणि पेवात गेला. बाप्ये येऊन दिवा सोडेपर्यंत पोर संपलं होतं.

तर आबांनी काय केलं असेल? ठकूला भरल्या गावात हिरवं लुगडं नेसवलं. का, तर पोटचा गोळा गेला पण सुनेनं वडीलधाऱ्याचं नाव घेतलं नाही! आणि तेव्हापासून दर बारशाला पहिली ओटी ठकूची. शाबासकी हो, शाबासकी! अशी शाबासकी देणाऱ्याच्या तोंडात शेण पडो.

साळूनं एकदा ठकूला विचारलं होतं, "अक्का, खरंच त्या दिवशी नाव तोंडात आलं नाही तुमच्या?"

ठकूनं तव्यावरची भाकरी उलटली. "जाळ कमी कर," एवढंच म्हणाली.

हैबतराव मोठा होऊ लागला. साळू त्याला टाळ्या वाजवून बोलवायची, बांगड्या वाजवून बोलवायची, जवळ जाऊन दंडाला धरायची. आजा हाक मारी, बाप हाक मारी, शेजारचा पोरगासुद्धा मारी. एक दिवस पोर जेवताना म्हणालं, "आई, तुला माझं नाव येत नाही का गं?"

साळूनं त्याच्या तोंडात घास भरवला. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही बोला ना मामंजींशी."

"आबांपुढं कोण बोलणार?" नवरा म्हणाला, आणि कुशीवर वळला. असले नवरे! कुशीवर वळायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

मग पेवं उघडायचा दिवस आला. बाप्ये देवळात गेले. साळू डोक्यावर टोपली घेऊन येत होती, आणि तिला हैबतराव दिसला. हातात दोरा, वर वावडी, नजर आभाळात, आणि पाय उलटे पळतायत थेट पेवाकडं.

"अरे!" साळू ओरडली. "बाळा, थांब!"

अंगणातली सगळी पोरं वळली. तिचं वळलं नाही. बाळा तर अंगणातलं कुणीही असेल, ते आपणच हे आभाळाकडं बघणाऱ्या पोराला कसं कळावं?

साळूच्या डोक्यावरची टोपली खाली आली. तिचा संताप पायाच्या नखापासून वर चढला, आणि गावाच्या सगळ्या मर्यादा घेऊन तोंडावाटे बाहेर पडला.

"हैबत्याऽऽ! मेल्या, थांब तिथंच!"

पोर जागच्या जागी थिजलं. पेवाच्या काठावर त्याची टाच होती. टाचेखालचं ढेकूळ सुटलं, आत गेलं, आणि खोल खालून थप्प असा आवाज आला. पोर मात्र आईकडं बघत होतं, आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"आई, तुला माझं नाव येतं?"

साळूनं धावत जाऊन त्याला ओढलं, पाठीत एक रट्टा घातला, आणि त्याला पोटाशी धरून ती हमसून हमसून रडली.

तुम्हाला वाटेल, गावानं देवाला नारळ फोडला असेल. छे! गावानं सभा भरवली. संध्याकाळच्या आत आबांच्या सोप्यात सगळी भावकी जमली. बाप्ये पोरांना मांडीवर घेऊन पुढं, बाया पदर घेऊन मागं. हैबतरावाचा हात आबांनी घट्ट धरून ठेवलेला.

"माझ्या आजोबांना हैबत्या म्हणाली ही!" आबांनी काठी जमिनीवर आपटली. "वर मेल्या म्हणाली! भर गावात! हिनं आजच माहेरची वाट धरायची. पोर आमच्या कुळाचं आहे, ते इथंच राहील."

साळूनं नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीत काहीतरी शोधत होता.

मग मात्र तिनं पदर मागं टाकला. "मामंजी, तुमचे आजोबा मेलेलेच आहेत! मेलेल्याला मेला म्हटलं तर त्याचं काय जातंय? माझा हैबत्या जिवंत आहे. मी ओरडले म्हणून जिवंत आहे. तुम्हाला नातू नकोच होता, भिंतीवरचं एक पान चालतं-बोलतं हवं होतं!"

"वर तोंड करून बोलतेस? या थोरलीकडं बघ!" आबांनी काठी ठकूवर रोखली. "पोर गेलं, पण हिनं जीभ विटाळली नाही!"

ठकू उठली. इतक्या वर्षांत गावानं तिचा धड आवाज ऐकला नव्हता. सगळे माना वळवून बघू लागले.

"सुभान्या," ठकू म्हणाली.

आबांची रोखलेली काठी खाली आली.

"सुभान्या. माझ्या जिभेवर होतं त्याचं नाव, मामंजी. तो पेवाजवळ होता आणि नाव जिभेच्या टोकावर होतं. मी तुम्हाला भ्याले आणि गिळलं. तेवढ्यात तो गेला. आणि तुम्ही मला लुगडं नेसवलंत! लेकरू खड्ड्यात, आणि आई हिरव्या लुगड्यात! दर बारशाला माझी ओटी भरता, दर बारशाला तो पुन्हा पडतो. जळो तुमची मर्यादा! सुभान्याऽऽ! सुभान्या रेऽऽ!"

ती हाक सोप्याबाहेर गेली, अंगणात गेली, पेवांवरून गेली. तिला ओ देणारं कुणी नव्हतं.

मागच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत उठली आणि ओरडली, "ए रावज्या, चल घरी!" दुसरी उठली, "खंड्या, नाक पूस आणि ये इकडं!" मग तिसरी, मग सगळ्याच. त्या झाडावरचे सगळे थोर पूर्वज बापांच्या मांडीवरून टणाटण उड्या मारून आयांकडं पळाले. आपलं नाव आईच्या तोंडून ऐकायला त्यांना किती गोड वाटत होतं, ते त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं.

"हैबत्या, ये," साळू म्हणाली.

पोरानं हात सोडवून घेतला. "हैबतराव! थांब!" आबा ओरडले. पोर थांबलं नाही. तो सोपा रिकामा झाला. साळूचा नवरा तेवढा घुटमळला, मग तोही मान खाली घालून बायकोमागं चालू लागला, आणि वाटेत पडलेली तिची टोपली त्यानं मुकाट्यानं उचलली.

त्यानंतर गावात बारसं झालं की आधी आई पोराचं नाव मोठ्यानं, अंगणात ऐकू जाईल असं उच्चारते. तिला उच्चारता येणार नसेल, तर ते नाव, मग ते कुळाच्या मूळपुरुषाचं का असेना, त्या पोराला ठेवत नाहीत. आबा पुढं बरीच वर्षं जगले. बारशाला त्यांना मानानं बसवत, पण काठी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावत. ठकू रोज कामं करता करता मोठ्यानं सुभान्याचं नाव घेई, आणि तिला गप्प बस म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सुभान्या काही परत आला नाही. मेलेलं लेकरू गोष्टीतसुद्धा परत येत नाही, आणि माझा राग त्याचाच आहे.

बोध: पूर्वजांचं नाव लेकराला जरूर द्यावं, पण ते सगळ्यांच्या आधी त्याच्या आईच्या तोंडी द्यावं.