वायरीतला झोल

"मग दोष हाय तरी कुठं, वस्ताद?"

इंद्रजितच्या हातात अजून ब्लोअर होता. समोर मालन सिस्टरची जुनी जीप बॉनेट उघडून उभी होती, आतून-बाहेरून ठणठणीत कोरडी. दिवे लागत होते. हॉर्न दाबल्यावरच वाजत होता. बाहेर गगनबावड्याचा पाऊस श्रावण लागला तरी थांबायचं नाव घेत नव्हता.

शिदबा वस्ताद बाकावर बसून चहा बशीत ओतत होते.

"रिले बदलला. स्विच बदलला. बॅटरीची टोकं घासून लावली. आता बघा, कशी चालतीया."

"चालतीया खरी," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

गाडीची वायरिंग म्हटली की गगनबावड्यात लोक शिदबा वस्तादांकडे येत. इंद्रजितला त्यांनीच घडवलं होतं. तो हाताखाली असा तयार झाला, की आता दारात आलेलं गिऱ्हाईक आधी "जित्या हाय का?" म्हणून विचारायचं. वस्तादांना त्याचं कौतुकच होतं, पण तोंडानं बोलून दाखवतील तर शपथ.

जित्यानं आता कोल्हापूरच्या रस्त्याला स्वतःचा गाळा घेतला होता. दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. नारळ वस्तादांच्याच हातून फुटला पाहिजे, एवढा एकच त्याचा हट्ट. पण विषय काढला की वस्ताद "बघू" म्हणायचे आणि भलतंच काहीतरी बोलायला लागायचे. त्या "बघू"नं जित्याचा जीव टांगणीला लागला होता.

आणि त्यात ही जीप, या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा दारात येणारी.

काल संध्याकाळी करूळ घाटात, ऐन वळणावर, भर धुक्यात तिचे दिवे गेले. वर हॉर्न आपोआप बोंबलायला लागला. मालन सिस्टर घाटाखाली एका बाळंतिणीकडे निघाल्या होत्या. मागून आलेल्या ट्रकवाल्यानं आपल्या उजेडात त्यांना सावकाश खाली नेलं म्हणून निभावलं. सकाळी जीप गॅरेजात सोडताना सिस्टर ओरडल्या नाहीत की भांडल्या नाहीत.

"जितू, तू ठीक आहे म्हणालास म्हणून मी गेले रे," एवढंच म्हणाल्या.

ते जित्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"सकाळी आली तवा ओली हुती?" वस्तादांनी विचारलं.

"चिंब."

"मग?"

"मग काय, सुकवली की. ब्लोअर मारला, फडक्यानं पुसली. झाली चालू."

"दर बारीला असंच करतोस?"

"दर बारीला."

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

"वाईट केलंस, लेका."

"आता काय वाईट केलं मी?"

"रडणाऱ्या पोराला आधी थोपटून झोपवतोस, आणि मग उशाला बसून इचारतोस, बाळा, कुठं दुखतंय?"

जित्याला राग आला. सकाळपासून तो त्या जीपखाली वाकून वाकून मोडला होता, आणि हे बाकावरून पोराबाळांच्या गोष्टी सांगत होते.

"मग काय करू? भर पाण्यात उभा राहून करंट शोधू?"

वस्ताद उठले, परसदारी गेले आणि काकूंची झाडांना पाणी घालायची झारी भरून घेऊन आले.

"इंजिन चालू कर. दिवे लाव."

"वस्ताद, आत्ताच सुकवलीया हो..."

"लाव म्हंतो न्हवं?"

जित्यानं दिवे लावले. वस्तादांनी आधी पुढच्या दिव्यांवर पाणी सोडलं. थोडं थोडं, सावकाश. मग थांबले.

काही झालं नाही.

मग बॅटरीच्या बाजूला. पुन्हा थांबले. काही नाही. जित्यानं मोठा सुस्कारा सोडला. वस्तादांनी झारी पुन्हा भरून आणली आणि पुढच्या काचेच्या बुडाशी, वारा आत घ्यायच्या जाळीवर धार धरली.

"आता गप ऱ्हा."

"..."

"..."

दिवे एकदा मिणमिणले आणि गेले. पाठोपाठ हॉर्न असा बोंबलायला लागला, की काकू हातातलं पीठ तसंच ठेवून दाराशी धावत आल्या. नवऱ्याच्या हातातली आपली झारी त्यांनी पाहिली, कपाळाला हात लावला आणि तशाच आत गेल्या.

वस्तादांचा चेहरा मात्र चुकलेलं म्हसरू दावणीला परत आल्यासारखा खुलला होता.

"आली बघ बोलायला! पुसू नगंस. हात लावू नगंस. नुसतं बघ, पाणी कुठनं चाललंय."

जित्यानं टॉर्च लावला आणि डॅशबोर्डखाली मान घातली. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला वायर आत घ्यायचं भोक होतं. त्या भोकातून एक थेंब आला. वायरीला चिकटला. वायरीवरून तिरका घसरत खाली आला आणि थेट फ्यूजच्या पेटीत शिरला. त्याच्यामागून दुसरा.

जित्याची नजर थेंबावरून वायरीवर गेली.

ती वायर त्यानंच ओढली होती. जुनी वायरिंग उंदरांनी कुरतडली, तेव्हा त्यानं सगळी नवी केली होती. तारेसारखी ताठ, वीत-वीत अंतरावर पट्ट्या मारून बांधलेली. तिचा त्याला इतका अभिमान, की नव्या गाळ्याच्या बोर्डावर त्यानं स्वतःच्या नावाखाली तिचाच फोटो मोठा करून छापून घेतला होता.

"वस्ताद... ही माझी वायर."

"व्हय."

"इतकी ताणून बांधलीया. कुठं लोंबकळत न्हाई, काय न्हाई."

"म्हणून तर. थेंबाला पडायला जागाच न्हाई. पेटीपतूर त्याला घसरगुंडी करून दिलीस तू." वस्तादांनी बोट हवेत खाली नेलं आणि पुन्हा वर आणलं. "वायर आधी पेटीच्या खाली उतरवायची, मग खालनं वर चढवायची. मधी झोल ठेवायचा. थेंब झोलापतूर येतोय आणि तिथनं खाली पडतोय. वर चढत न्हाई."

जित्यानं मान बाहेर काढली.

"झोल? तुम्ही मला झोल ठेव म्हणताय?"

"व्हय."

"पयल्या दिवशी काय म्हणाला हुता मला? ह्याच बाकावर बसून? 'माझ्याकडं झोल चालणार न्हाई.' तवापासनं एक वायर ढिली सोडली न्हाई मी, वस्ताद. एक बी!"

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता ते बाकाला धरून खाली बसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अरं बाबा... तुझ्या आधीच्या गड्यानं जुना रिले पुसून नवा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला हुता. त्यावरनं म्हणालो हुतो मी. कामात झोल नगं, असं... वायरीत न्हवं!"

जित्याला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढून घाटातलं ते वळण हलत नव्हतं.

"काम झालं तवा तुम्ही बघितली हुती की ही वायरिंग."

"बघितली हुती."

"मग बोलला का न्हाई?"

वस्तादांचं हसू विरलं.

"देखणी दिसली रं," ते हळूच म्हणाले. "सुक्यात बघितली मी बी."

आपल्या कामाला वस्तादांनी देखणं म्हटलेलं जित्या पहिल्यांदाच ऐकत होता, आणि ते अशा वेळी. त्याला गहिवरून आलं. त्यानं पक्कड उचलली.

वायरीला त्यानं वाढीव तुकडा जोडला आणि ती पेटीच्या खाली उतरवून खालून वर घेतली. भोकात नवं रबर बसवलं. काचेखालच्या जाळीत पाला कुजून पाणी तुंबलं होतं, तोही उपसून काढला. वस्ताद शेजारी बसून टॉर्च धरत होते. मग जित्यानं स्वतः झारी घेतली आणि ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. नव्या झोलाच्या बुडातून थेंब टपटप पायपुसण्यावर पडत होते आणि दिवे जागचे हलत नव्हते.

तेवढ्यात मालन सिस्टर छत्री मिटत आत आल्या.

"झाली का रे?"

एरवी "बिनघोर जावा, सिस्टर" हे उत्तर जित्याच्या ओठांवर तयार असायचं. आज ते त्यानं गिळलं.

"सिस्टर... दोष माझ्याच कामात हुता. वायर मीच चुकीची ओढली हुती. काल घाटात तुम्हाला काय झालं असतं तर..."

सिस्टरनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद छपराच्या पत्र्याकडे बघत होते.

"मग आता मी जाऊ का नको?"

जित्यानं भरलेली झारी त्यांच्या हातात दिली.

"तुम्हीच वता. पायजे तितकं."

सिस्टरनी पदर खोचला आणि हात राखला नाही. काचेवर, जाळीवर, बॉनेटवर, जिथं जिथं म्हणून पाणी शिरेल तिथं तिथं त्यांनी ओतलं. झारी रिकामी झाली. दिवे तसेच लख्ख.

त्यांनी झारी परत दिली, ओल्या हातानं जित्याच्या गालावर एक चापटी मारली आणि जीपमध्ये बसल्या.

"येते रे. कालच्या बाळाला बघून यायचंय."

जीप पावसात शिरली. तिचे मागचे लाल दिवे वळणापर्यंत दिसत होते, आणि जित्या तोवर दारात उभा होता.

"गाळ्याचा बोर्ड उतरवतो, वस्ताद," तो मागं न वळता म्हणाला. "दसऱ्याचा मुहूर्त बी ऱ्हाऊ द्या. मी अजून कच्चाच हाय. पुढच्या सालाला बघू."

वस्ताद त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेरच्या धारेकडं पाहिलं.

"दसऱ्याला पाऊस नसतोय, लेका. सुक्यात काय कळतंय? नारळ उद्याच फोडू."