आबांची मुलाखत आणि तीन इच्छा

निळ्याशार डोंगराच्या पायथ्याशी, गवताने शाकारलेल्या खोपटात बकुळा आणि तिचे आबा राहत होते. आई नसलेली बकुळा नऊ वर्षांची होती. आबा होते माळी. त्यांनी वाळकी काडी खोचली तरी तिला पोपटी पालवी फुटायची. पण त्या वर्षी गावात कुणाकडे बागकामच उरलं नव्हतं. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी नुसती पेज.

"मला दूरच्या दगडखाणीवर जावं लागेल, बाळा," आबा म्हणाले. "वर्षभर तू मावशीकडे राहा."

बकुळाने शहाण्यासारखी मान हलवली आणि परसात जाऊन पोटभर रडली.

तेवढ्यात दवंडी आली. "राणीसाहेबांच्या बागेला माळी हवा हो! उद्या सकाळी राजवाड्यात मुलाखत!"

बकुळा टाळ्या पिटत नाचली. आबांचा चेहरा मात्र उतरला. "मोठ्या माणसांसमोर माझी जीभच उचलत नाही गं. काय बोलणार मी?"

दुपारी बकुळा रानातल्या झऱ्यावर गेली. झऱ्याची धार दोऱ्याएवढी बारीक. तिची चिमुकली घागर भरायला तासभर लागला. परतताना खडकाच्या फटीत तिला एक इवलंसं जांभळं फूल दिसलं, पार मान टाकलेलं. बकुळाने क्षणभर घागरीकडे पाहिलं, आणि मग सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं.

फूल थरथरलं. पाकळ्या उमलल्या आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली! तिचे पंख मोरपिशी होते, केस सोनेरी होते आणि झग्यावर दवाचे मणी लुकलुकत होते.

"किती गोड पाणी गं तुझं!" परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण नियम ऐक हं. कुणाचं काही हिरावून घ्यायचं नाही. कुणाच्या तोंडात उसने शब्द घालायचे नाहीत. आणि उद्या दुपारची घंटा झाली की मी निघाले!"

"आबांच्या सदऱ्याला सात ठिगळं आहेत," बकुळा पटकन म्हणाली. "त्यांना नवा सदरा हवा."

सर्रर्र! तिच्या हातावर पांढराशुभ्र सदरा अलगद उतरला.

"आणि मुलाखतीत त्यांना छान छान उत्तरं..."

"अं हं!" परीने बोट हलवलं. "उसने शब्द नाहीत."

बकुळाने खूप विचार केला. "मग त्यांना सराव करायला कुणीतरी दे ना."

परी खुदकन हसली. ती बकुळाबरोबर परसात आली आणि तिने पंख झटकले. झेंडू गाल फुगवून प्रधान झाला. गुलाब ताठ मानेने राणी झाला. जास्वंद लांब जीभ काढून हसायला लागली.

"नाव सांगा!" झेंडू गरजला.

"रा... रायाजी," आबा पुटपुटले.

"ऐकू नाही आलं!"

पहिल्या खेपेला आबांना घाम फुटला. दुसऱ्या खेपेला ते स्वतःचं गावच विसरले आणि जास्वंद हसून हसून लोळली. आबाही हसले. मग मात्र गाडी सुरू झाली. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत आबा गुलाबाला खताबद्दल, कलमांबद्दल, किडीबद्दल रंगून सांगत होते.

तिसरी इच्छा बकुळाने राखून ठेवली. आबा अडखळलेच तर!

सकाळी राजवाड्याच्या ओसरीवर आबांशेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पाटीवर खडूने लिहून दाखवलं, 'मी चंद्राक्का. मुलाखतीसाठी तीन गावं चालत आले. घसा बसलाय. आवाजच नाही.' त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं.

बकुळाचा जीव घाबराघुबरा झाला. आबांचं काय? पण त्या डोळ्यांकडे तिला बघवेना.

"परी गं," ती वेणीत लपून बसलेल्या परीला हळूच म्हणाली, "यांचा आवाज परत दे."

हवेत चांदणचुरा भुरभुरला. "अगं बाई!" चंद्राक्का खणखणीत आवाजात ओरडल्या. आत बोलावणं येईपर्यंत त्या आणि आबा औषधी मुळ्यांबद्दल आणि कलमांबद्दल भरभरून बोलत बसले. त्या हसत बाहेर आल्या, तेव्हा बकुळाने आबांचा हात घट्ट धरला. दोघं आत गेली.

राणीसाहेब शांतपणे विचारत गेल्या. आबांचा आवाज सुरुवातीला कापला, पण ते थांबले नाहीत. शेवटी राणीसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला काय येत नाही, रायाजी?"

हा प्रश्न झेंडूने विचारलाच नव्हता! बकुळाने डोळे मिटून घेतले. आता इच्छाही उरली नव्हती.

"औषधी मुळ्या मला ओळखता येत नाहीत, राणीसाहेब," आबा म्हणाले. "बाहेरच्या चंद्राक्कांना सगळ्या ठाऊक आहेत. आत्ताच बोलत होत्या. तुमच्या बागेत औषधी झाडं असतील, तर काम त्यांना द्या."

राणीसाहेब मोठ्याने हसल्या. "आणि त्या म्हणाल्या, कलमं मला जमत नाहीत, ती रायाजींना विचारा! आमची बाग डोंगरभर पसरली आहे. मला खरं बोलणारी माणसं हवी होती. एक शोधत होते, दोन मिळाली."

बकुळा धावतच बागेत गेली. दुपारची घंटा घुमत होती. कारंज्याच्या तुषारांवर परी इंद्रधनुष्यासारखी चमकत होती.

"आबा खाणीवर जाणार नाहीत!" बकुळा श्वास न घेता म्हणाली. "पण तुझी तिसरी इच्छा मी आबांसाठी वापरलीच नाही."

"म्हणून तर मला जाताना इतका आनंद होतोय," परी म्हणाली. तिने बकुळाच्या नाकाच्या शेंड्याची पापी घेतली. क्षणात सगळी बाग सोनेरी उजेडाने न्हाली, आणि त्या उजेडात परी हलकेच विरघळून गेली.