सारवलेली नदी

विहिरीला पाणी आहे, मोट चालते आहे, पाट भरून वाहतो आहे; वाफ्याचे दार तेवढे माळ्याने उघडले नाही. रोपे वाळली, तर दोष कोणाचा? सांगा पाहू. घाईने उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

एका संस्थानात, नदीकाठच्या एका गावात एक शाळा होती. शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचे तर राजधानी गाठावी लागे, आणि ते कोणाला साधणार? म्हणून सातवी सरली की मुलगा औतामागे आणि मुलगी चुलीपुढे, असा त्या गावाचा रिवाजच पडून गेला होता.

त्या शाळेत पूर्वी एक वृद्ध गुरुजी होते. त्यांचा एक नेम होता. बाजाराच्या दिवशी महादेवाची पूजा आटोपली की ते देवळाच्या पारावर येऊन बसत. बाजाराला निघालेले आईबाप तेथे क्षणभर थांबत. गुरुजी मोजके बोलत. "या आठवड्यात सातवीला क्षेत्रफळ शिकवले. काहींना उमगले, काहींना नाही. घरचा वाफा मुलांकडून मोजून घ्या." एवढेच. आईबाप डोक्यावरची पाटी सावरीत पुढे जात, आणि त्या आठवड्यात गावातला एकही वाफा मोजल्यावाचून राहत नसे. गाव याला 'सांगावा' म्हणे.

गुरुजी थकले. त्यांच्या जागी नरहरपंत आले. निरोप घेताना वृद्ध गुरुजी म्हणाले, "नरहर, या शाळेच्या किल्ल्या घे आणि हा पारही घे. एक टाकून दुसरे घेऊ नकोस."

नरहरपंतांनी किल्ल्या घेतल्या.

नरहरपंत विद्वान होते आणि शिकवीतही उत्तम. हे आधीच सांगितले पाहिजे, कारण ही आळशी माणसाची गोष्ट नव्हे. पण पारावर बसणे त्यांना कमीपणाचे वाटे. "मी शिक्षक आहे, दवंडीवाला नव्हे," असे ते पत्नीला, उमाबाईंना, बजावून सांगत.

पहिल्याच बाजाराला पार रिकामा दिसला. तेव्हा भाजी विकणारी गोदाक्का पाटी घेऊन थेट शाळेच्या पायरीशी आली. तिची चंद्रभागा सातवीत होती.

"गुरुजी, पोरं काय शिकली ह्या आठवड्यात?"

"अभ्यास उत्तम चालला आहे. काळजी नसावी."

"ते झालंच. पण शिकली काय?"

"बाई, सांगितले तरी तुम्हांला समजणार आहे का?"

"समजत नसतं, तर थोरले गुरुजी एवढी वर्सं काय वारा प्यायला बसत होते व्हय पारावर?"

नरहरपंत आत निघून गेले. पुढच्या बाजाराला आणखी कोणी आले. त्यालाही तेच उत्तर मिळाले: अभ्यास उत्तम चालला आहे, काळजी नसावी. त्यानंतरच्या बाजारालाही तेच. माणसे किती दिवस विचारतील? हळूहळू पायरीशी कोणी येईनासे झाले. नरहरपंतांना बरे वाटले. ब्याद टळली, असे ते म्हणाले. देवाच्या दारात बसून जे काम व्हावे, त्याला ब्याद म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

एकदा सातवीला 'बी कसे रुजते' हा पाठ आला. नरहरपंत मुलांना म्हणाले, "घरी मूठभर मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. रोज उकलून पाहा. मोड केवढा वाढला ते मोजा, आणि मग ती मटकी शाळेत आणा."

ठरल्या दिवशी वर्ग रिकाम्या हातांनी आला.

"मोड कुठे आहेत?"

चंद्रभागा उभी राहिली. "गुरुजी, खाल्ले."

"खाल्ले?"

"आईनं उसळ केली. मी म्हटलं, गुरुजींनी सांगितलंय म्हणून बांधून ठेवलीये. तर म्हणाली, पोरं पेरू चोरतानासुद्धा गुरुजींचंच नाव घेतात."

चौकशी केली, तेव्हा कळले की त्या आठवड्यात साऱ्या गावात उसळ झाली होती.

नरहरपंत कपाळाला हात लावून घरी आले. "या गावाला विद्येची चाडच नाही!" ते पानावर बसल्या बसल्या गरजले. "मी शिकवलेला धडा या लोकांनी फोडणी देऊन खाल्ला!"

उमाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, मटकीला मोड आले की बाईमाणूस उसळच करणार. हा धडा आहे, हे त्या आयांना कोणी सांगितलं होतं?"

"मुलांनी सांगितले."

"मुलांनी. तुम्ही नाही."

"भात वाढ," नरहरपंत म्हणाले.

पुढे सूर्याच्या सावलीचा पाठ आला. प्रत्येकाने आपल्या अंगणात एक काठी रोवावी आणि दिवस चढेल तशी तिची सावली चुन्याने आखीत जावी, असे ठरले. सातवीतल्या एका मुलाचा बाप, बयाजी नावाचा शेतकरी, शेतावरून परत आला. अंगणात नवा खुंटा पाहून त्याने देवाचे आभार मानले आणि त्याला वासरू बांधले. वासराने एका दिवसात सगळा चुना तुडवून टाकला.

नरहरपंत तावातावाने बयाजीच्या दारी गेले. "अहो, हा खुंटा नव्हे! हे घड्याळ आहे!"

बयाजीने खुंट्याकडे पाहिले, वासराकडे पाहिले. "असं व्हय? मग गुरुजी, वासरू सोडू, का किती वाजले ते त्यालाच विचारून घेऊ?"

शेजारीपाजारी खदखदून हसले. येथे नरहरपंतांना देवाने संधी दिली होती. विषय निघाला होता, ऐकणारी माणसे आपण होऊन गोळा झाली होती. सावली कशी फिरते, मुले काय पाहत होती, एवढे सांगायला किती वेळ लागला असता? तेवढ्यात चुलीवरचे पाणीही तापले नसते. पण नाही. नरहरपंतांनी उपरणे झटकले, "गाढवापुढे गीता" असे पुटपुटले आणि ते चालते झाले. ते शब्द बयाजीला ऐकू गेले. तो हसायचा थांबला.

त्याच वर्षी राजाने जाहीर केले की या भागात एका गावी आठवीचा वर्ग उघडावयाचा आहे. गावे दोन पाहिली जातील. एक हे, आणि दुसरे नदीपलीकडचे. राजा स्वतः येऊन निवड करणार होता.

नरहरपंतांचे देहभान हरपले. आपली मुले आठवीला बसलेली त्यांना जागेपणी दिसू लागली. चंद्रभागेसारखी मुलगी चुलीपुढे जाऊ नये, असे त्यांना मनापासून वाटे. त्यांच्या मनात पाप नव्हते. अडून बसला होता तो फक्त ताठा.

त्यांनी सातवीला कामाला लावले. मुले नदीचा काठ पायी फिरून आली. पात्र कोठे रुंद होते, कोठे चिंचोळे, कोठला काठ खडकाळ, हे त्यांनी पाहून घेतले. मग शाळेच्या मागच्या अंगणात त्यांनी मातीचे खोरेच उभे केले. त्यात डोंगर होते, ओढे होते, काठची गावे होती. बंधारा कोठे घालावा, याचा मुलांनी आपसांत वाद घालून निर्णय केला होता. वरून कळशीभर पाणी ओतले की ते गावागावांवरून वाहत येई, बंधाऱ्याशी अडे आणि पाटांनी शेतांत पसरे. राजासमोर ते पाणी चंद्रभागा ओतणार होती.

माती तडकू नये म्हणून त्यावर ओले गोणपाट घातले होते. नरहरपंतांनी अंगणाचे फाटक लावून घेतले आणि मुलांना ताकीद दिली, "घरी अवाक्षर बोलायचे नाही. नाहीतर या नदीचीही उसळ करतील."

उमाबाई म्हणाल्या, "निदान पाटलांच्या कानावर तरी घाला."

"वेळ आली की दिसेल त्यांना."

राजा यायचा दिवस उजाडला. नरहरपंत साऱ्या मुलांना घेऊन स्वागतासाठी वेशीवर गेले. इकडे रखमाजी पाटलांनी गावाला हाक दिली. "गुरुजी बिचारे एकटे कुठंकुठं पुरणार? चला, शाळा सजवू." सारे आईबाप धावले. कोणी आंब्याची पाने आणली, कोणी शेण. कोणीतरी मागचे फाटक उघडले आणि गोणपाट उचलले.

खाली मातीचे उंचवटे, खाचा आणि खड्डे!

"राजा येणार, आणि अंगणात हा चिखल?" पाटील म्हणाले. "पोरांनी खेळून ठेवलाय सगळा. आणा फावडी."

बयाजीने स्वतः फावडे धरले. डोंगर फोडून खड्ड्यांत भरले. चोपण्यांनी जमीन चोपून काढली. बायांनी ती हिरवीगार सारवली. गोदाक्काने मधोमध मोठे कमळ काढले आणि त्यावर चौरंग मांडला. सगळ्यांनी घाम पुसून समाधानाने पाहिले. गोदाक्का म्हणाली, "आता तरी गुरुजी गोड बोलतील."

वाजतगाजत राजा आला. नरहरपंत आनंदाने म्हणाले, "महाराज, आमच्या सातवीने आपल्या नदीचे अवघे खोरे घडवले आहे. या, असे मागच्या अंगणात या." असे म्हणून ते पुढे झाले, कोपऱ्यावरून वळले आणि थांबले.

त्यांच्यामागे राजा थांबला. राजामागे मुले थांबली. चंद्रभागेच्या हातात पाण्याने भरलेली कळशी होती.

"गुरुजी, नदी कोठे आहे?" राजाने विचारले.

"इथे... इथेच होती, महाराज."

बरोबरच्या मानकऱ्यांत हशा पिकला. नरहरपंत पाटलांकडे वळले. "पाटील! माझी नदी कुठे गेली?"

पाटील गोंधळले. "कसली नदी, गुरुजी? चिखल होता तो. आम्ही सगळ्यांनी मिळून सारवला, तुमच्यासाठी."

चंद्रभागेने कळशी खाली ठेवली. ती रडू लागली. आपल्या मुलीने काय घडवले होते आणि आपण कशावर कमळ काढले, हे गोदाक्काला त्या क्षणी समजले नाही. मात्र मुलगी ज्यासाठी रडते आहे, ते आपल्याच हातून घडले आहे, एवढे तिला कळले.

राजाने शांतपणे आईबापांना विचारले, "गेल्या आठवड्यात तुमची मुले शाळेत काय शिकली?"

पाटलांनी हात जोडले. "अभ्यास उत्तम चालला आहे, महाराज. काळजी नसावी."

राजाने बयाजीकडे पाहिले. बयाजी म्हणाला, "अभ्यास उत्तम चालला आहे, महाराज. काळजी नसावी."

गोदाक्कानेही डोळ्यांना पदर लावून तेच म्हटले. त्यांच्यापाशी दुसरे वाक्यच नव्हते.

"हे पाठांतर तुमच्याकडून कोणी करून घेतले?"

"गुरुजींनी," गोदाक्का म्हणाली. "दर बाजाराला."

नरहरपंतांची मान खाली गेली.

राजा म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकवले नाही, असे मी म्हणत नाही. त्या मुलीच्या रडण्यावरून मला तुमच्या शिकवण्याची पारख झाली. पण आठवी म्हणजे हाताशी आलेले मूल आणखी काही वर्षे शेतातून आणि घरातून सोडणे. ते कशासाठी सोडायचे, हेच ज्यांना ठाऊक नाही, ते पहिल्या सुगीला मुलाला घरी ठेवतील. मग मी आठवीला भिंती तेवढ्या बांधू काय?"

नदीपलीकडच्या गावचे गुरुजी यथातथाच शिकवीत. पण तिथल्या बायाबापड्यांनी मुले काय शिकतात, काय त्यांना जड जाते, हे राजाला घडाघडा सांगितले. आठवी तिकडे गेली.

पावसाळ्यात नदीला पूर येई आणि नाव बंद पडे. मुलाला तिकडे पाठवायचे धाडस गावात फारसे कोणी केले नाही. बयाजीचा मुलगा औतामागे लागला. चंद्रभागा पाटी घेऊन आईबरोबर बाजाराला जाऊ लागली.

मग नरहरपंत पारावर येऊन बसले. बाजाराचा दिवस होता. त्यांनी घसा खाकरून सांगायला आरंभ केला, "या आठवड्यात सातवीला..."

माणसे पुढून जात होती. कोणी थांबले नाही. थांबायची सवय मोडून गेली होती, आणि ती नरहरपंतांनीच मोडली होती. त्यांनी गोदाक्काला हाक मारली. ती रागावलेली नव्हती. बाजाराला उशीर होत होता इतकेच. चालता चालताच ती म्हणाली, "उत्तमच चाललं असंल की, गुरुजी. काळजी नसावी." तिच्यामागून चंद्रभागा गेली. तिने मान वर केली नाही.

नोकरी संपेपर्यंत नरहरपंतांनी पार सोडला नाही. दर बाजाराला ते येत, वर्गात काय झाले ते सगळे नीट सांगत आणि उठून जात. ऐकायला देवळातला दगडी नंदी तेवढा असे.

तात्पर्य: मुलाला शिकवणे हे गुरूचे अर्धे काम, आणि ते त्याच्या आईबापांना वेळच्या वेळी सांगणे हे उरलेले अर्धे. जो दुसरे टाळतो, त्याचे पहिलेही मातीत जाते. आणि ते माझ्या हातून गेले नाही, असे म्हणण्याचा त्याला अधिकार उरत नाही.