फुकट गेलेली काचपट्टी

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांसमोर काम करता करता थांबला. आचार्य शरीरशास्त्र शिकवीत आणि हा त्यांच्यासाठी मेंदूचे पातळ काप काचपट्टीवर रंगवून ठेवी. घरी त्याचा थोरला भाऊ डोक्याला मार लागल्यापासून निपचित पडून होता. भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे, सारे शिष्यच करी. भावाचे डोळे उघडे असत, पण त्यांत ओळख नसे.

"उद्या दादाला निराधार रुग्णांच्या आश्रमात पोचवून येतो," शिष्य म्हणाला.

"तिथे त्याचं कोण बघेल?"

"इथे मी बघतो, त्यानं काय झालं, गुरुजी?"

शिष्याने दोन पट्ट्या रंगवल्या होत्या. एकीवर चेतापेशींच्या काळ्याभोर फांद्या उमटल्या होत्या. दुसरीवर, डोक्याला मार लागून मेलेल्या कुणाच्या मेंदूच्या कापावर, काहीच नव्हते. ती फुकट गेली म्हणून त्याने टोपलीत टाकली होती. आचार्यांनी सुंदर पट्टी बाजूला सारली, टोपलीतली उचलली, जुना रंग धुऊन दुसरा चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"बघ."

रिकाम्या जागेत आता चांदण्यांसारख्या पेशी एकमेकींत गुंतलेल्या दिसत होत्या.

"या आधारपेशी. चेतापेशींना जगवायचं, त्यांची घाण उपसायची, हे यांचं काम. आपला रोजचा रंग यांना लागत नाही. लग्नाच्या फोटोत मांडव घालणारे कधी दिसलेत का तुला?"

शिष्य हसला नाही. "पण इथल्या चेतापेशी तर मेल्यात. मग या कोणाला जगवतात?"

"मेलेल्यांना नाही. जखमेभोवती दाटीनं उभ्या राहिल्या, त्यांचाच वण झाला. त्यामुळे पलीकडचं शाबूत राहिलं."

"आणि गेलेलं?"

"ते परत येत नाही. या वणातून चेतापेशीचा नवा तंतूही सहसा पार होत नाही. तुला खोटं कशाला सांगू?"

दादा एक दिवस नावाने हाक मारील, एवढ्याच आशेवर शिष्य आजवर राबत आला होता. त्याने पट्टी पुसून पेटीत ठेवली आणि तो घरी गेला.

दादा आढ्याकडे पाहत होता. शिष्याने त्याची मान उचलून पेज भरवली. निम्मी ओघळली, ती त्याने पुसली. दुसऱ्या दिवशी तो आश्रमाकडे गेला नाही. "दादा," अशी हाक तो पुढेही रोज मारीत राहिला. हाकेनंतर उत्तरासाठी थांबायचे मात्र त्याने सोडून दिले.