टेक्नोबाचे दोन खांब

खडकमाळावरच्या या खाणीच्या तोंडाशी दोन दगडी खांब उभे आहेत. खांब आहेत म्हणजे फाटक असणार, असे पाहुण्यांना वाटते. फाटक नाही. कधी बसलेच नाही. उजव्या खांबाच्या कोनाड्यात परातीएवढा, मध्ये खोलगट, शेंदूर फासलेला देव आहे. नीट पाहिलेत तर तो अठरा इंची स्पीकर आहे, हे तुमच्या लक्षात येईल. आम्ही त्याला टेक्नोबा म्हणतो. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा यांच्या रांगेत हा फार उशिरा आला. त्यामुळे त्याला ना पोथी, ना विश्वस्त मंडळ. मंडळ नसल्याने भांडणेही नाहीत.

चपला इथेच काढा. का, ते शेवटी सांगतो.

यल्लाप्पा धोत्रे या खाणीत दगड फोडायचा. सुरुंगांच्या बारांनी त्याचे दोन्ही कान गेले. पुढे ठेकेदारही गेला आणि खाण ओस पडली. यल्लाप्पाची मुलगी नागव्वा तालुक्याला लाऊडस्पीकर दुरुस्त करायची. गोव्याहून आलेल्या एका कॅसेटवर तिने म्हणे टेक्नो नावाचे असे संगीत ऐकले, की ज्यात गायक नाही, शब्द नाहीत, प्रेमभंग नाही, नुसता ठोका. बंद पडलेल्या एका बँजो पार्टीचे मशीन तिने घेतले, जुन्या दारांच्या फळ्यांतून पेट्या ठोकल्या आणि होळीनंतरच्या रविवारी सगळे या खाणीत आणून लावले. यल्लाप्पाने सहज मोठ्या पेटीवर तळहात टेकला आणि तो तसाच राहिला.

"घण पडतोय," तो म्हणाला. "कोण फोडतंय दगड?"

एकोणीस वर्षांनी त्याला काहीतरी ऐकू आले होते. नागव्वाने डोळ्यात कच गेल्याचे सांगितले. त्याच दिवशी ती नवस बोलली, की दरवर्षी या रविवारी इथे ठोका वाजेल आणि कुणाकडून काही घ्यायचे नाही. कारण विचारले तर म्हणायची, "बहिऱ्याकडनं ऐकायचं काय घ्यायचं? आन त्याला फुकट, तर बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

ना जाहिरात, ना पत्रिका. तरी चार वर्षांत कोल्हापूर-पुण्याहून माणसे येऊ लागली. गावाने तोवर न पाहिलेल्या रंगांचे केस गावाने पाहिले. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही, असा कायदा आहे. नागव्वा कायदा पाळणारी. ती सहा वाजून एक मिनिटाने सुरू करायची आणि दिवेलागणीला थांबायची.

गर्दी दिसली की काही माणसांना आधी फाटक सुचते. सरपंच हिंदुरावांनी खाणीची जागा भाडेपट्ट्याने घेतली, हे खांब उभारले आणि लोखंडी फाटक करायला टाकले. नागव्वाला म्हणाले, "तिकीट मी लावतो. तू मशीन वाजव, पगार घे."

"दादा, मशीन माझं, ठोका माझ्या बाचा," ती म्हणाली. "फाटक तेवढं तुमचं हाय. घरी न्या."

हिंदुरावांनी तालुक्याला तक्रार ठोकली. आता परवान्याशिवाय वाजवणे नाही. बापलेक कचेरीत गेली. अर्ज छापील होता. कार्यक्रम करमणुकीचा असेल तर भाडेपट्टेदाराची संमती, म्हणजे हिंदुरावांची. धार्मिक असेल तर फक्त देवतेचे नाव. कारकुनाने मान वर न करता विचारले, "कार्यक्रम कशाचा?" कारकुनाचे ओठ हलताना पाहून यल्लाप्पाने मुलीचा पदर ओढला, "काय इचारत्यात?" तिने जुन्या सवयीने त्याच्या कानात ओरडून सांगितले, "टेक्नो, बा!"

कारकुनाने लिहिले : देवतेचे नाव – टेक्नोबा. सही झाली, शिक्का पडला. शिक्का पडलेली चूक ही सरकारात चूक राहत नाही. कारकुनाला खरेच तसे ऐकू आले, की त्याने ऐकून घेतले, यावर गावात दोन मते आहेत. त्याचे नाव कुणाला आठवत नाही, आणि त्याचीही त्याबद्दल काही तक्रार नाही.

रविवारी पहाटे हिंदुराव ट्रॅक्टरमध्ये फाटक घालून आले. बरोबर हवालदार. हवालदाराने परवाना वाचला. "सरपंच, ही तर यात्रा हाय. यात्रेला तिकीट लागत न्हाई."

"यात्रा? मग देव दाखवा," हिंदुराव म्हणाले. "देव न्हाई तर परवाना खोटा. पेट्या उचला."

नागव्वाने बापाला खुणेने सांगितले. असे सांगतात की यल्लाप्पा मोठ्या पेटीपाशी गेला आणि स्पीकरचे स्क्रू काढू लागला. तो एकच स्पीकर त्याच्या हाताला ऐकू यायचा. बाकीचे लहान होते. नागव्वाने त्याचा हात धरला, मान हलवली. "बा, ह्यो न्हाई. ह्यो तुझा हाय." तो म्हणाला, "देव द्यायचा तर मोठाच द्यावा लागतो."

खांबात दिव्यासाठी ठेवलेल्या कोनाड्यात त्याने तो बसवला. तेव्हा शेंदूर नव्हता. दगडावर खुणा करायचा गेरू होता, मशीनचे तेल होते. दोन्ही कालवून फासले. हवालदाराने टोपी काढून हात जोडले. हिंदुरावांनी जमलेल्या गावकऱ्यांकडे पाहिले. मग त्यांनीही जोडले. पंचायतीची निवडणूक दोन महिन्यांवर होती. बसवलेला देव काढता येत नाही, आणि देवाच्या तोंडावर फाटक लावता येत नाही. ते फाटक पुढे त्यांच्या गोठ्याला लागले.

सहा वाजून एक मिनिटाने ठोका सुरू झाला. यल्लाप्पाने लहान पेटीवर हात ठेवला. काही नाही. दुसरीवर ठेवला. तिथेही काही नाही. तो मागे खाणीच्या टोकाला जाऊन बसला आणि सवयीने तळहात खडकावर टेकला. नागव्वाने ते पाहिले. तिने चपला भिरकावल्या आणि ठोक्याबरोबर अनवाणी टाच खडकावर आपटली. शेजारच्याने आपटली. मग निळ्या केसांच्या पोरींनी, मग सगळ्यांनी. या खाणीचा तळ म्हणजे अखंड एकच कातळ आहे. चारशे टाचा एका ठोक्याला पडू लागल्या. उन्हे खाली उतरली तेव्हा म्हाताऱ्याने मान वर केली.

"आला," तो म्हणाला.

यल्लाप्पा जाऊन अकरा वर्षे झाली. मागची ती जागा आजही मोकळी सोडतात. आजही खांबांपाशी चपला काढतात. पाहुण्यांना ते सोवळे वाटते. सोवळे नव्हे, रबरी तळवा ठोका गिळतो. तेव्हा काढा, आणि टाच जपून टेकवू नका. मागे बसलेल्यापर्यंत पोचले पाहिजे.