तहानलेलं जहाज

पूर्वी शंखपट्टण नावाच्या बंदरावर राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व काथ्या वळणाऱ्यांच्या घरात जन्माला आला. त्याचं नाव सोमिल. मोठा झाल्यावर तो त्या घराण्याचा प्रमुख झाला आणि त्याच्या हाताखाली चाळीस माणसं दोर वळू लागली.

आता काथ्याचा आणि जहाजाचा काय संबंध, असं विचाराल. सांगतो. त्या किनाऱ्यावर जहाजाला खिळे मारत नसत. फळ्यांना कडेकडेने भोकं पाडायची, त्यांतून काथ्याचा दोर ओवायचा आणि गोधडी शिवावी तसं अख्खं जहाज शिवायचं. भोकं पाडायची सुतारांनी, दोर द्यायचा काथ्यावाल्यांनी. दोर कोरडा असताना प्रत्येक भोकात जराशी फट राहायची. जहाज पाण्यात ढकललं की पहिले तीन दिवस आत पाणी यायचं आणि घागरी भरभरून उपसावं लागायचं. त्याची कुणाला भीती वाटत नसे. उलट सुतार हसून म्हणायचे, "पितंय. पिऊ दे त्याला." तीन दिवसांत काथ्या फुगायचा, भोकं गच्च बसायची आणि पाणी थांबायचं. चौथ्या दिवशी भरतीला जहाज निघायचं.

या दोन घरांचा एक जुना रिवाज होता. नव्या जहाजाचं काम धरण्याआधी काथ्यावाला हातभर दोर घेऊन सुताराकडे जायचा. सुतार एका फळकुटाला भोक पाडायचा. दोर त्यात ओवून ते फळकूट समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि दोघांनी शेजारी बसून लाह्या-गूळ खात वाट बघायची. दोर फुगून असा बसला पाहिजे की दोघांनी दोन्हीकडून ओढला तरी हलता कामा नये. मगच काम सुरू. या बसण्याला ते 'ओली बैठक' म्हणत. सोमिल आणि सुतारांचा प्रमुख वत्सक यांनी अशा कितीतरी बैठका केल्या होत्या. बैठकीत दोराचं बोलणं थोडं आणि सासुरवाडीच्या तक्रारी फार, पण मैत्री घट्ट होती.

मग बंदरावर नंदिय नावाचा एक श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, आला. सगळी जहाजं त्याच्याच नावावर बांधली जाऊ लागली. ही दोन घरं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत हे त्याला खपेना. उद्या दोघं मिळून अडून बसली तर? त्याने सांगितलं, "बैठकीत दिवस कशाला घालवता? दोराची जाडी आणि भोकाची रुंदी माझा कारकून मापून देईल. तुम्ही आपापल्या घरी काम करा." माप घेतलं ते अर्थातच कोरड्याचं. वर त्याने दोघांकडून शब्द घेतला की आपली कारागिरी दुसऱ्या घराला सांगायची नाही, आणि बजावलं की ज्याच्या कामात दोष निघेल त्याला किनाऱ्यावर पुन्हा काम मिळणार नाही. वत्सक तुझ्या माघारी काय बोलतो, हेही तो अधूनमधून सोमिलच्या कानावर घालायचा. वत्सकालाही तसंच काहीबाही सांगायचा. दोन वर्षांत दोघांचं बोलणं बंद पडलं.

याच दोन वर्षांत सोमिलने एक नवा दोर तयार केला. जुना काथ्या तीन पावसाळ्यांत कुजायचा. हा सात पावसाळे टिकेल असा होता आणि ओढायला दुप्पट बळकट. नंदिय एवढा खूश झाला की पुढच्या सगळ्या जहाजांच्या दोराचं काम त्याने सोमिललाच दिलं आणि त्याची खूण म्हणून आपल्या शिक्क्याची अंगठी त्याच्या बोटात घातली. खोटं कशाला सांगू, बोधिसत्त्वालाही त्याचा अभिमान वाटला. चाळीस घरांच्या चुली आता निर्धास्त पेटतील, या विचाराने तो सुखावला. नव्या दोराने पहिलं जहाज शिवलं गेलं आणि पाण्यात ढकललं गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोमिलची बायको गोमती अंगणातून ओरडली, "अहो, इकडे या जरा! हा तुमचा सोन्यासारखा दोर बघा!"

अंगणात काथ्या भिजवायची लाकडी दोणी होती. तिच्या बुडाच्या भोकात काथ्याचा तुकडा ठोकलेला असायचा. जुना कुजला म्हणून गोमतीने परवा नव्या दोराचा तुकडा ठोकला होता.

"दोन दिवस झाले, गळतंय ते गळतंयच," ती म्हणाली. "जुना कसा तासाभरात बसायचा!"

सोमिलने वाकून तो तुकडा उपसला. दोन दिवस पाण्यात राहूनही तो होता तेवढाच होता. न कुजण्यासाठी जे केलं, त्यानेच दोराचं फुगणं गेलं होतं. आणि पलीकडे वत्सकाने भोकं पाडली होती ती फुगणाऱ्या दोराच्या हिशेबाने.

तो तसाच ओल्या हातांनी किनाऱ्यावर धावला. उपसणारी माणसं आरामात घागरी ओतत होती.

"आज किती?" त्याने विचारलं.

"चाळीस होतील," एकजण म्हणाला. "काल चाळीस, परवा चाळीस. भारी तहानलंय बुवा!"

ती माणसं हसली. उद्या दुपारच्या भरतीला साठ माणसं घेऊन हे जहाज निघणार होतं. बाया होत्या, दोन तान्ही मुलं होती. पाणी आज ना उद्या थांबेल म्हणत म्हणत ती सगळी माणसं खोल समुद्रात जाणार होती, आणि तिथे पहिली लाट आली की उपसणाऱ्यांचे हात पुरणार नव्हते.

आधी तो नंदियकडे गेला, कारण शब्द त्याला दिला होता.

"श्रेष्ठी, उद्या जहाज सोडू नका. माझा दोर फुगत नाही. पाणी थांबणार नाही."

नंदियने शांतपणे ऐकून घेतलं. "मुहूर्त ठरलाय. राजाचा नजराणा जहाजावर चढलाय. उपसायला सहा माणसं जास्त देतो, मग झालं?"

"नाही झालं."

"सोमिल, तू कुणाच्या जिवावर एवढा मोठा झालास? तोंड उघडलंस तर तुझ्या चाळीस माणसांना या किनाऱ्यावर कुणी उभं करणार नाही. घरी जा."

बोधिसत्त्वाने बोटातली नंदियच्या शिक्क्याची अंगठी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. "कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. तो तुमच्या तोंडावर परत घेतो, आणि कामही परत करतो. आता मी सांगणार."

तिथून तो जहाजाच्या तांडेलाकडे गेला. तांडेलाने खांदे उडवले. "दादा, पाणी थांबलं की नाही ते सुताराने सांगायचं. जहाज पितंय तोवर ते सुताराचं. त्याने 'थांबलं' म्हटलं की माझं. तुझ्या म्हणण्यावर मी कसा थांबवू?"

आता वत्सकाशिवाय वाट उरली नाही. दोन वर्षांनी सोमिल त्याच्या अंगणात शिरला तेव्हा वत्सक भोकं पाडायचा सामता हातात घेऊन त्याचं टोक पुन्हा पुन्हा निरखत बसला होता.

"कोण, सोमिलशेठ? वाट चुकलात वाटतं!" तो म्हणाला.

"वत्सका, पाणी थांबत नाहीये."

वत्सक उसळला. "कुणी सांगितलं? थांबेल! आजचा दिवस आहे अजून."

"थांबणार नाही. दोर माझा आहे, तो फुगत नाही. मी त्यात बदल केला आणि तुला कळवलं नाही. दोष माझा आहे."

वत्सकाने हातातला सामता खाली ठेवला. "मला वाटलं माझा सामता झिजला, भोकं मोठी पडली. कालपासून घास उतरला नाही रे घशाखाली. बोललो तर माझ्या लोकांचं काम जाणार. आणि जहाजावर सुतार म्हणून माझाच पोरगा इंद्रदत्त जाणार. त्याला ताप आलाय असं सांगून मी उद्या घरी ठेवणार होतो. बाकीचे साठ गेले असते आणि मी किनाऱ्यावर उभं राहून हात हलवला असता."

सोमिल त्याच्या शेजारी बसला.

"उद्या तांडेल विचारील तेव्हा खरं सांग," तो म्हणाला. "दोष मी घेतो."

"तू घेशील, पण नंदिय सोडेल का मला? थांबवणारा तर मीच ना? जा तू आता. मला सुचत नाहीये काही."

सोमिल घरी आला. त्याने चाळीसही जणांना बोलावून जे होतं ते सांगितलं. काहीजण रागाने उठून गेले, एक म्हातारा मटकन खाली बसला. गोमतीने त्याला पाणी दिलं. वत्सक काय उत्तर देईल हे सोमिलला ठाऊक नव्हतं. जहाज अडलं नाही तर आपणही त्यात चढायचं, एवढं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी किनारा माणसांनी फुलला होता. माणसं बोचकी घेऊन चढली होती. एक बाई तान्ह्याच्या कपाळाला तीट लावत होती. नंदिय रेशमी उपरणं घेऊन अगदी वत्सकाला खेटून उभा होता. इंद्रदत्त हत्यारांची पेटी घेऊन जहाजावर होता, म्हणजे ताप काही आला नव्हता. वत्सक जहाज अडवणार की पोरालाही त्यातच पाठवणार, हे सोमिलला कळेना. भरतीचं पाणी चढत होतं.

तांडेलाने रिवाजाप्रमाणे मोठ्याने विचारलं, "सुतारा, पिणं थांबलं का?"

नंदिय हलकेच खाकरला.

तांडेलाने दुसऱ्यांदा विचारलं. वत्सकाचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. सोमिल गुडघाभर पाण्यात शिरला आणि जहाजाच्या शिडीला हात घातला. वत्सकाने त्याला चढताना पाहिलं.

"सुतारा, पिणं थांबलं का?"

"नाही!" वत्सक ओरडला. "थांबलं नाही! चार दिवस तेवढंच पितंय आणि मला परवापासून माहीत आहे! उतरा रे सगळे! पोरांना आधी उतरवा!"

एकच गलका झाला. लोक वत्सकाच्या अंगावर धावून आले. तेव्हा बोधिसत्त्व शिडीवरून मोठ्याने म्हणाला, "त्याला हात लावू नका. भोकं बरोबर आहेत. दोर माझा आहे, आणि तो कसा केला ते ऐका. काथ्या दोन दिवस हिरड्याच्या काढ्यात उकळायचा, माशाचं तेल चोळायचं आणि सावलीत वाळवायचा. तो कुजत नाही, पण फुगतही नाही. ज्याला हा दोर वापरायचा असेल त्याने सुताराला सांगून भोक लहान पाडून घ्यावं."

नवा दोर बघायला आलेले पाच बंदरांचे काथ्यावाले किनाऱ्यावर उभे होते. ज्या युक्तीवर सोमिलच्या सात पिढ्या जगल्या असत्या, ती त्याने सगळ्यांना फुकट देऊन टाकली.

जहाज वर ओढलं गेलं. दोन्ही घरांनी मिळून बाराशे भोकांत साध्या काथ्याची एकेक बट ठोकून बसवली. त्याला नऊ दिवस लागले. पुन्हा पाण्यात ढकलल्यावर जहाज तीन दिवस प्यायलं आणि चौथ्या दिवशी कोरडं ठणठणीत झालं. साठही माणसं पलीकडच्या बेटावर सुखरूप उतरली. पण नंदियने आपलं म्हणणं खरं केलं. सोमिलला आणि वत्सकाला त्याचं काम पुन्हा मिळालं नाही. चाळीसांतली चौदा माणसं दुसऱ्या बंदरांना निघून गेली. त्यांना वेशीपर्यंत पोचवताना सोमिल लहान मुलासारखा रडला. उरलेल्यांना घेऊन त्याने कोळ्यांच्या होड्यांसाठी दोर वळायला घेतला, आणि त्या होड्यांची भोकं पाडायला वत्सक होता.

ही कथा सांगून झाल्यावर शास्ता, म्हणजे बुद्ध, भिक्षूंना म्हणाला, "तेव्हाची गोमती म्हणजे आजची भिक्षुणी सुयामा. वत्सक म्हणजे पलीकडच्या विहारातला ज्येष्ठ भिक्षू, थेर कोलक, जो चुकला की आजही सगळ्यांच्या आधी सांगतो. काथ्या वळणारा सोमिल मीच होतो."

एका भिक्षूने विचारलं, "भंते, आणि नंदिय?"

शास्त्याने क्षणभर समोरच्या रांगांकडे पाहिलं. "नंदियही इथेच बसला आहे. त्याने कथेत स्वतःला ओळखलं आहे आणि मघापासून तो डोळे पुसतो आहे. म्हणून त्याचं नाव मी घेणार नाही."

मग त्याने सांगितलं की आपला दोष आपल्या तोंडाने आणि वेळेवर सांगणं, हीसुद्धा सत्यपारमिताच, म्हणजे सत्याची परिपूर्णताच आहे. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती पुरी केली.